७.६२ ची भरवशाची सेमी-ऑटोमॅटिक कोणती? एसएलआर चालवलेल्या फौजीचा रिव्ह्यू

पहिलं एक स्पष्ट सांगतो म्हणजे पुढं गैरसमज नको. एसएलआर, म्हणजे सेल्फ-लोडिंग रायफल, आपल्याकडे विकत मिळत नाही, ठाण्यात नाही, वाशीत नाही, कुठंच नाही. शस्त्र नियम २०१६ मध्ये .३०३ किंवा ७.६२ ची सर्व्हिसची गोळी ज्यात चालते अशा बोल्ट ॲक्शन (प्रत्येक गोळीला हातानं बोल्ट ओढायची) आणि सेमी-ऑटोमॅटिक (ट्रिगर एकदा दाबला की एक गोळी, पुढची आपोआप भरली जाते) रायफली प्रतिबंधित वर्गात टाकल्यात, आणि ते बरोबरच आहे असं माझं मत. मग रिव्ह्यू कशाला, तर दोन कारणं. एक म्हणजे ऐरोलीतला आमचा पुतण्या आता टेक्सासला ग्रीन कार्डावर असतो, तिकडं कायद्यानं घेता येते, त्याला रेंजवर लांबच्या टार्गेटला आणि रानडुकरांच्या शिकारीला पूर्ण ताकदीची सेमी-ऑटोमॅटिक घ्यायचीय आणि व्हिडिओ कॉलवर दर रविवारी तोच विषय चालू असतो. दुसरं, खारघरला सेंट्रल पार्कच्या बाजूला सकाळी पळायला येणारी भरतीची पोरं विचारतात की काका एसएलआर भारी का आर्मीत आलेली ती नवीन सिग रायफल भारी. एकेकाला सांगत बसण्यापेक्षा एकदाच नीट लिहून टाकतो.

मी मराठा लाइट इन्फन्ट्रीचा, बेळगावला ट्रेनिंग झालं, आणि तरुणपणीची सगळी नोकरी १ए१ एसएलआर खांद्यावर घेऊन झाली. त्यामुळं एसएलआरबद्दल जे लिहितोय ते हातानं केलेलं, बाकीच्या रायफलींबद्दल जे लिहितोय ते त्यांच्या बनावटीवरनं आणि इतिहासावरनं. माझं उत्तर आधीच सांगतो, एसएलआर म्हणजे मूळची बेल्जियमची एफएन एफएएल, तीच पहिली. का ते सांगायला वेळ लागणार.

पूर्ण ताकदीची म्हणजे काय हे आधी बघा कारण आजकालची पोरं गेम खेळून सगळ्या रायफली एकच समजतात. ७.६२ बाय ५१ ची, म्हणजे ७.६२ मिलीमीटर जाड आणि ५१ मिलीमीटर लांब पुंगळीची (पुंगळी म्हणजे दारू भरलेली नळकांडी), गोळी साधारण साडेनऊ ग्रॅमची आणि नळीतून ८०० मीटर प्रति सेकंदाच्या वर सुटते, म्हणजे ३,३०० ज्यूलच्या आसपास ताकद. एके ४७ ची ७.६२ बाय ३९, नंबर तोच पण पुंगळी छोटी, ती २,००० ज्यूलच्या आसपास. आणि आर्मीत एसएलआरनंतर आलेल्या इन्सास रायफलीची ५.५६ ची गोळी तर ४ ग्रॅमची, ती वेगानं जाते पण ताकद एसएलआरच्या निम्म्याला येते. डोंगरावर समोरच्या धारेवरचा माणूस ५०० मीटरवर आहे आणि मध्ये वारा आहे, तिथं हा फरक कळतो. पण याची किंमत पण मोजायला लागते ओ, १०० राउंड ७.६२ चे उचलले तर जवळपास अडीच किलो होतात आणि तेवढेच ५.५६ चे त्याच्या निम्मे. ज्याला ५० मीटरवर डबे पाडायचेत त्यानं ही रायफल घेऊच नये, उगाच वजन, उगाच खांदा दुखणार आणि गोळ्यांचा खर्च वेगळा.

आता एसएलआर. १९६२ ला चीनशी लढताना आपल्या जवानाच्या हातात .३०३ ची बोल्ट रायफल होती, प्रत्येक गोळीला बोल्ट ओढा, परत नेम धरा. त्यानंतर पुण्याच्या एआरडीई या सरकारी शस्त्र संशोधन संस्थेच्या लोकांनी एफएएलचा अभ्यास करून आपली १ए१ तयार केली आणि इशापूरच्या रायफल फॅक्टरीत ती बनायला लागली. १९७१ ला हीच आपली मुख्य रायफल. मूळ डिझाइन दियूदोने सेव्ह या बेल्जियन माणसाचं, आणि जगात ९० च्या वर देशांनी ही रायफल कुठल्या ना कुठल्या रूपात वापरली. १९८२ च्या फॉकलंडच्या लढाईत तर ब्रिटिशांच्या हातात पण हीच आणि समोर अर्जेंटिनाच्या हातात पण हीच, फरक एवढाच की ब्रिटिशांची आपल्यासारखी फक्त एकेक गोळीवाली आणि अर्जेंटिनाची बर्स्ट, म्हणजे ट्रिगर धरला की सलग गोळ्या, मारणारी. या ताकदीच्या गोळीला बर्स्टचा काही उपयोग नाही, दुसरी गोळीच आकाशात जाते. म्हणून सेमी-ऑटोमॅटिक असणं म्हणजे कमीपणा असं कोणी म्हणत असेल तर त्याचं ऐकू नका.

माझ्या दृष्टीनं या रायफलीतली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे गॅस रेग्युलेटर. पुढच्या हँडगार्डच्या वर, फोरसाइटच्या (पुढच्या साइटच्या) मागं एक गोल रिंग असते, क्लिक क्लिक फिरते. गोळी सुटली की नळीतला थोडा गॅस वरच्या सिलिंडरमध्ये येतो, पिस्टनला मागं ढकलतो, पिस्टन ब्रीच ब्लॉकच्या (नळीचं मागचं तोंड बंद करणाऱ्या तुकड्याच्या) कॅरियरला ढकलून परत पुढं येतो, कॅरियर मागं जाता जाता ब्लॉकला उचलतो, रिकामी पुंगळी उजवीकडं बाहेर आणि येताना नवीन राउंड आत. तर किती गॅस पिस्टनला द्यायचा आणि किती बाहेर सोडून द्यायचा हे ती रिंग ठरवते, म्हणजे जवान स्वतः ठरवतो. रायफल नवीन आहे, स्वच्छ आहे, तेल आहे तर कमी गॅस पुरतो, झटका पण कमी बसतो आणि पार्ट पण कमी झिजतात. तीच रायफल चिखलात पडली, थंडीत तेल घट्ट झालं, पुंगळी अर्धी बाहेर येऊन अडकायला लागली तर दोन क्लिक गॅस वाढवायचा आणि परत फायर चालू. उस्ताद लोक, म्हणजे ट्रेनिंग देणारे, शिकवायचे की आधी गॅस कमी ठेवून एकेक राउंड मारून बघा, पुंगळी नीट बाहेर पडेपर्यंत एकेक क्लिक वाढवा, आणि मग वर थोडी सूट ठेवा. हे ज्यानं नीट केलं त्याची रायफल अडत नव्हती. ज्यानं आळस करून गॅस फुल करून ठेवला त्याची पण चालायची पण खांदा निळा व्हायचा आणि पुंगळ्या शेजारच्याच्या अंगावर.

बाकीच्या कितीतरी रायफलींमध्ये हे जवानाच्या हातात नसतंच, कारखान्यात जे भोक पाडलं ते पाडलं. भरवशाची रायफल म्हणजे कधीच न अडणारी रायफल असं लोक समजतात, तशी रायफल कुठल्याच देशानं बनवलेली नाही. अडली तर ती जागेवर, अंधारात, हातमोजे घालून, कुठलंही हत्यार-पाना न लागता चालू करता येते का, हा खरा प्रश्न, आणि या परीक्षेत एसएलआर बाकीच्यांच्या खूप पुढं आहे.

एक गोष्ट मात्र नवीन माणसानं लक्षात ठेवायची. पुढच्या गॅस प्लगला दोन पोझिशन असतात, एक नेहमीची आणि एक ग्रेनेडसाठी, ग्रेनेडवाल्या पोझिशनला गॅस पूर्ण बंद होतो. साफसफाईनंतर प्लग उलटा बसला तर रायफल एक गोळी मारते आणि मग नुसती गप्प, प्रत्येक वेळी कॉकिंग हँडल हातानं ओढा. रेंजवर कोणाची रायफल अशी करायला लागली की उस्ताद काही न बोलता आधी प्लगच बघायचा. पुतण्याला हे मी पाठ करून घेतलंय, कारण तिकडं बऱ्याच लोकांनी याच कारणावरनं चांगली रायफल रिपेअरला टाकली असणार.

दुसरी गोष्ट मॅगझीन. २० राउंडचं, स्टीलचं, पुढचा कान आधी अडकवायचा आणि मग मागं ओढून खट्ट. सेमी-ऑटोमॅटिक रायफल अडली तर आधी मॅगझीनवर संशय घ्या, रायफलीवर नंतर, हे मी पोरांना शंभरदा सांगतो. वरचे ओठ जरा वाकले की राउंडचं तोंड खाली-वर होतं आणि चेंबरच्या (नळीत राउंड बसतो त्या जागेच्या) कडेला जाऊन धडकतं. स्प्रिंग थकली की शेवटचे दोन-तीन राउंड वर यायला उशीर करतात. आमच्याकडं मॅगझीनवर खडूनं खूण करायची पद्धत होती, जे मॅगझीन सारखं त्रास देतंय ते कोतमध्ये, म्हणजे हत्यारांच्या खोलीत, जमा, त्याच्यावर प्रेम करत बसायचं नाही. इन्सास आल्यावर कारगिलच्या थंडीत तिची प्लॅस्टिकची मॅगझीनं तडकल्याच्या बातम्या आल्या होत्या, त्या वेळी जुन्या लोकांना या स्टीलच्या मॅगझीनची किंमत कळली. पण स्टीलला गंज लागतो, कोकणातला पाऊस आणि समुद्राची हवा असली की एका रात्रीत तांबूस होतं, म्हणून आत-बाहेर पुसून तेलाचा अगदी पातळ हात. मॅगझीनच्या आत तेल ओतायचं नाही, राउंड तेलकट झाले की धूळ धरतात.

खोलणं-जोडणं इतकं सोपं की नवीन रंगरूट पण एका दुपारी शिकतो. बाजूचा खटका दाबला की रायफल मधनं बारा बोअरच्या बंदुकीसारखी उघडते, वरचं कव्हर मागं सरकतं, कॅरियर आणि ब्लॉक एकत्र बाहेर. मग पुलथ्रू (नळीतनं ओढायची साफसफाईची दोरी), चिंधी, तेल. नळी आणि चेंबर सगळेच साफ करतात, पण खरी घाण पिस्टनच्या डोक्यावर आणि गॅस सिलिंडरमध्ये बसते, काळी कडक काजळी, ती काढायची आणि पिस्टन कोरडा ठेवायचा. तिथं तेल लावलं की ते जळून अजून काजळी होते. ब्लॉक आणि कॅरियरला मात्र तेल पाहिजेच.

कॉकिंग हँडल डावीकडं आहे हे पण मला फार आवडतं, उजवा हात पिस्टल ग्रिपवर तसाच राहतो, नेम हलत नाही, डाव्या हातानं ओढायचं. आणि फायर करताना हँडल मागं-पुढं पळत नाही.

आता तक्रारी, कारण आवडती आहे म्हणून लपवायचं नाही. लांबी जवळपास सव्वा मीटरच्या खाली, ११४० मिलीमीटरच्या आसपास, आणि भरलेल्या मॅगझीनसकट वजन ५ किलो. ट्रकमधनं उतरताना, झाडीत, घरात शिरताना ही लांबी नडते म्हणजे नडतेच. ठेंगण्या माणसाला बट लांब पडतो. दुसरी तक्रार जास्त महत्त्वाची, मागचं साइट खालच्या बॉडीवर आणि पुढचं साइट नळीवर, आणि ही दोन्ही एका बिजागरीनं जोडलेली. वर्षानुवर्षं उघडझाप करून ती जोड ढिली झाली की झीरोइंग केलेलं, म्हणजे साइट नेमाला जुळवलेलं, टिकत नाही, आज गोळ्यांचा ग्रुप मध्यात आणि उद्या डाव्या खांद्यावर. आणि वरचं कव्हर पातळ पत्र्याचं, सरकून बसणारं, त्याच्यावर दुर्बीण लावायची म्हणाल तर साधं कव्हर तिला धरतच नाही, वेगळं जाड कव्हर लागतं. आज ज्याला स्कोप लावूनच मारायचंय त्याच्यासाठी हा मोठा मुद्दा आहे.

आणि वाळू. इस्रायलला १९६७ च्या सुमाराला वाळवंटात एफएएलनं फार त्रास दिला, त्याच अनुभवातनं पुढं त्यांनी एकेच्या धर्तीवर गलील बनवली. ब्रिटिशांनी कॅरियरवर तिरके खाचे पाडून घेतले म्हणजे वाळूला बसायला जागा मिळते आणि कॅरियर घासत नाही. आपल्या चिखलात आणि पावसात ही चांगली चालते, बारीक कोरडी वाळू मात्र हिची दुष्मन. टेक्सासला पण काही भागात तशीच माती आहे म्हणे, तर पुतण्यानं खाचेवालं कॅरियर असलेलीच बघावी.

आता बाकीच्या. जी३ म्हणजे जर्मन, पाकिस्तानात वाहच्या फॅक्टरीत बनणारी, अमेरिकेत तिचंच सिव्हिलियन रूप पीटीआर नावानं मिळतं. हिच्यात गॅस सिस्टिमच नाही, दोन रोलर ब्लॉकला उशीर करवतात आणि चेंबरमध्ये उभ्या खाचा असतात त्यामुळं पुंगळी चिकटत नाही. घाणीत चालण्याच्या बाबतीत ही एसएलआरच्या वर आहे असं मी प्रामाणिकपणे म्हणेन, गॅसचं काही नाहीच तर गॅसमुळं अडणं कुठनं येणार. पण झटका जोरात, ट्रिगर जड, शेवटच्या गोळीनंतर बोल्ट उघडा राहत नाही, पुंगळ्या लांब फेकते आणि त्यांच्यावर काळे पट्टे आणि पोचे पडतात, ज्याला पुंगळ्या गोळा करून परत भरायच्यात त्याचं नुकसान. कमी पैशात दणकट पाहिजे असेल तर ही वाईट नाही.

एम१४ किंवा तिचं सिव्हिलियन रूप एम१ए, साइट फार सुंदर, ट्रिगर सुंदर, नेमबाजाला हातात घेतल्या घेतल्या आवडणारी. पण लाकडी बटात बसवलेली, आणि व्हिएतनामच्या ओल्या हवेत लाकूड फुगून नेम बदलायचा म्हणून नंतर फायबरग्लासचे बट आले. आपल्या ठाण्याच्या जुलैमध्ये कपाटाची दारं कशी अडकतात ते ज्यानं बघितलंय त्याला हे समजवायला नको. दुर्बीण लावणं हिच्यात पण कटकटीचं. मी हिला तिसरा नंबर देतो.

मग एआर-१०, यूजीन स्टोनरनं १९५० च्या दशकात काढलेली, वजनाला हलकी, नळी आणि बट एका सरळ रेषेत त्यामुळं झटका सरळ मागं येतो आणि रायफलीचं तोंड वर उडत नाही. स्कोप लावायला वर सपाट रेल. आपल्या आर्मीनं २०१९ ला ७२,४०० सिग ७१६ घेतल्या आणि २०२४ मध्ये अजून ७३,००० चा करार केला, त्या याच घराण्यातल्या, फक्त स्टोनरच्या मूळ रायफलीत गॅस थेट बोल्टपर्यंत यायचा आणि या घराण्यातल्या काही नव्या रायफलींत छोटा पिस्टन असतो म्हणजे काजळी पुढंच राहते. आता बघा, ५.५६ वर एवढी वर्षं काढून आर्मी पुढच्या फळीसाठी परत ७.६२ बाय ५१ कडं आली, म्हणजे आम्ही म्हाताऱ्यांनी गोळीच्या ताकदीबद्दल जे सांगायचो ते उगाच नव्हतं. भरतीच्या पोरांना माझं उत्तर हे की सिग हलकी आहे, आखूड आहे, दुर्बिणीला बरी आहे, आणि मी आज तुमच्या वयाचा असतो तर सीमेवर तीच मागितली असती. पण खाजगी माणसानं एआर-१० घेताना एक मोठी अडचण, या प्रकारात सगळ्यांचं मिळून एक स्टँडर्ड नाही. ५.५६ च्या एआर-१५ मध्ये कोणाचाही पार्ट कोणालाही बसतो, इथं एका कंपनीचं मॅगझीन, बोल्ट, हँडगार्ड दुसरीला बसेलच असं नाही. घेतानाच त्याची मॅगझीनं आणि एक जादा बोल्ट, एक्स्ट्रॅक्टर (पुंगळी ओढून काढणारा आकडा), स्प्रिंग बाजूला घेऊन ठेवायची.

पुतण्याला मी शेवटी काय सांगितलं ते सांगतो. स्कोप लावून ३००-४०० मीटरवर कागदच फाडायचे असतील तर पिस्टनवाली एआर-१० घे. पण रानात न्यायची, चिखलात पडणार, साध्या साइटवर मारायचंय आणि वीस वर्षं ठेवायचीय तर एफएएल. आणि एफएएल घेताना सुट्या जुन्या पार्टांची किट आणून जोडलेली आहे का नवीन बनवलेली ते विचार, जुनी जोडलेली असेल तर हेडस्पेस, म्हणजे ब्लॉक बंद झाल्यावर राउंडला चेंबरमध्ये मिळणारी जागा, गेजनं मोजल्याशिवाय पैसे देऊ नकोस. हिच्यात ब्रीच ब्लॉक ज्या गोल पिनीसारख्या तुकड्यावर टेकतो तो लॉकिंग शोल्डर वेगवेगळ्या मापाचा मिळतो आणि आर्मरर तो बदलून हेडस्पेस परत बरोबर करतो, ही पण या रायफलीची मोठी सोय, नळी फेकायला लागत नाही. ब्रिटिश इंची मापाची आणि मेट्रिक मापाची यांचे बरेच पार्ट एकमेकांना बसत नाहीत, मॅगझीन पण, तर मेट्रिकच घे, सामान जास्त मिळतं. बिजागरीजवळ रायफल धरून हलवून बघ, खटखट आवाज आला तर सोडून दे. नळीवर जे कोरलंय तीच गोळी आणि कारखान्यात भरलेली, कोणी घरी भरलेली फुकट दिली तरी नको. आणि तिथल्या काही राज्यांत १० राउंडच्या वरचं मॅगझीन चालत नाही, नोकरी बदलून दुसऱ्या राज्यात जायच्या आधी तिथला कायदा वाच.

घरात ठेवताना रायफल वेगळ्या कपाटात कुलपात, राउंड वेगळ्या कपाटात कुलपात, चाव्या स्वतःकडं, वहिनीला पण मी हे फोनवर वेगळं सांगितलं कारण त्यांच्याकडं नातू पाच वर्षांचा आहे. आमच्याकडं कोतला संत्री, म्हणजे पहारेकरी, असायचा, रजिस्टर असायचं, एक राउंड कमी पडला तर अख्खी कंपनी रात्रभर शोधायची. ती शिस्त घरात जमणार नसेल तर रायफल घेऊच नका, कुठलीच.

इथल्या लोकांसाठी. ठाण्यात आणि नवी मुंबईत लायसन पोलीस आयुक्तालयातनं होतं, २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला जास्तीत जास्त २ हत्यारं, आणि रायफलच पाहिजे असेल तर इशापूरची .३१५ बोल्ट ॲक्शन ही आपल्याकडची नेहमीची. पण ज्याला खरंच नेमबाजी करायचीय त्यानं लायसनच्या मागं लागायच्या आधी वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनच्या रेंजवर जाऊन एअर रायफल आणि .२२ शिकावी. कॉलेजला असाल तर एनसीसीत जा, तिथं .२२ मिळते. श्वास कधी रोखायचा, ट्रिगर कसा दाबायचा हे .२२ वर जे बसतं तेच पुढं ७.६२ वर चालतं, आणि झटका नसल्यामुळं आपली चूक लपत नाही. भरतीच्या पोरांनी तर हे जरूर करावं, ट्रेनिंगला पहिल्यांदा मोठी रायफल हातात आली की आवाजाला घाबरून डोळे मिटणारी पोरं निम्मी असतात, .२२ केलेला पोरगा तिथं वेगळा दिसतो. सेंट्रल पार्कला सकाळी सहा ते सात मी असतो, रविवार सोडून, कोणाला काही विचारायचं असेल तर या, फक्त पळणं संपवून या.